सहा महिन्यांची पदवी आणि भिंतीवरचं कालनिर्णय

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

ताई,
मी टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहते. वय ३९. पुण्यात बीकॉम झाले आणि नऊ वर्षं एका सीएंच्या ऑफिसात होते. आठ वर्षांपूर्वी इकडे आलो. मुलं आता दहा आणि सात वर्षांची आहेत, नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावरचं माझं ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, आलंय आणि मला परत हिशेबाच्या, टॅक्सच्या कामात शिरायचंय. पण जिथे अर्ज करावा तिथे इथली पदवी विचारतात. मंडळाच्या गणपतीत एक जण भेटले. त्यांनी वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीतून म्हणे सहा महिन्यांत ऑनलाइन पदवी पुरी केली. तिथे वर्ग नसतात, विषय येत असेल तर परीक्षा द्यायची आणि पुढे जायचं. तेव्हापासून माझ्या डोक्यात सहा महिनेच घोळतायत. नवरा म्हणतो, वर्ग नाही, मास्तर नाही, मार्क नाहीत, मग ही कसली पदवी? सासूबाई सध्या इथे आहेत. त्यांचं म्हणणं, या वयात कशाला डोक्याला ताप. मला खरंच सहा महिन्यांत जमेल का? जमलं तर ती पदवी खरी मानायची का? आणि नाही जमलं तर घरात तोंड कसं दाखवू? मला अहोजाहो करू नका.
– एक वाचक, फ्रिस्को

उत्तर:

बरं, अगं-तुगंच करते.

तुझं मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात ‘सहा महिने’ अकरा वेळा आलंय, आणि सीएंच्या ऑफिसातली नऊ वर्षं तू एका ओळीत उरकलीस. मला ते उलटं हवं होतं. या प्रकारच्या पदवीत तू आधी काय शिकून बसली आहेस याला सगळी किंमत असते. किती महिने लागले ते तुझ्या नवऱ्याशिवाय पुढे कुणी विचारणार नाही.

मी स्वतः ४६ व्या वर्षी अशी पदवी घेतली, न्यू जर्सीत एका हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये नोकरी करता करता. कुठल्या विद्यापीठातून ते सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुरही करणार आहे. मला अडीच वर्षं लागली. सहा महिन्यांवाले मलाही भेटले होते. त्यांच्या गोष्टी ऐकून मी दोन रात्री झोपले नव्हते, म्हणून तुझी घालमेल कळते.

आधी तुझ्या नवऱ्याचा प्रश्न घेऊ, कारण तो प्रश्न वाईट नाही. आपल्याकडे ‘करस्पॉन्डन्स’ हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जातो. माझ्या मावशीने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असं ब्रीद असलेल्या. तरी लग्नकार्यात तिची ओळख करून देताना लोक ‘बीए आहे, म्हणजे मुक्तमधून’ अशी शेपटी लावायचे. त्या शेपटीचा राग मला अजून येतो. ते असो.

वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी म्हणजे गल्लीतलं दुकान नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांनी १९९५ मध्ये ही कल्पना काढली आणि १९९७ मध्ये १९ गव्हर्नरांनी मिळून हे विद्यापीठ उभं केलं. ते ना-नफा आहे, युटातल्या सॉल्ट लेक सिटीचं आहे, आणि वायव्येकडच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या त्याच आयोगाची मान्यता त्याला आहे ज्या आयोगाची तिथल्या सरकारी विद्यापीठांना असते. २०११ मध्ये तुमच्या टेक्सासच्या गव्हर्नरांनी त्याची टेक्सास शाखाही जाहीर केली. आज तिथे लाखाच्या वर विद्यार्थी शिकतात. मान्यता तपासायची सवय मात्र तू लावून घे, कारण ‘कॉम्पिटन्सी-बेस्ड’, म्हणजे वर्गातले तास न मोजता विषय येतो का ते मोजणारी पदवी, ही पाटी कुणीही लावू शकतं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. विद्यापीठाचं नाव त्यात नसेल तर त्यांचा फोनही उचलू नकोस.

नवऱ्याची शंका सरकारलाही आली होती, हे त्याला सांग, खूश होईल. २०१७ मध्ये शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी याच विद्यापीठावर ताशेरे ओढले. केंद्र सरकारची मदत घ्यायची तर शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नियमित आणि ठोस संवाद हवा असा कायदा आहे, नाहीतर तो अभ्यासक्रम पत्राद्वारे शिक्षण समजला जातो. इथे तसा संवाद पुरेसा नाही, सबब ७१ कोटी ३० लाख डॉलर परत करा, असं त्यांचं म्हणणं होतं. भांडण अगदी तुझ्या घरातलंच: मास्तर कुठे आहे? जानेवारी २०१९ मध्ये खात्याने निकाल दिला की पैसे परत करायची गरज नाही. कायदा संदिग्ध होता आणि विद्यापीठाने प्रामाणिकपणे नियम पाळायचा प्रयत्न केला होता, असा त्याचा मथितार्थ.

आणि नवरा फारच ताणून धरायला लागला तर कॉलेजातला अभ्यास तासांनी मोजायचं ते ‘क्रेडिट अवर’चं माप कुठून आलं ते विचार त्याला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं ठरलं. त्या निधीत यायचं तर कॉलेजांनी प्रवेशासाठी शाळेतल्या अभ्यासाचं तासांत मोजलेलं एक ठरावीक माप लावावं अशी अट आली. पेन्शनसाठी सगळे राजी झाले आणि तासांचं ते माप पुढे कॉलेजातही रुळलं. म्हणजे ‘आठवड्याला तीन तास, पंधरा आठवडे, म्हणजे तीन क्रेडिट’ हे जे आपण वेदवाक्य समजतो त्याचा जन्म पेन्शनच्या कागदांतून झाला. पंधरा आठवडे मागच्या बाकावर बसून डुलक्या काढणाऱ्यालाही तीन क्रेडिट मिळतात. मी फर्ग्युसन रोडवरच्या कँटीनमध्ये बसून अख्खं अर्थशास्त्र पास झालेली आहे, तेव्हा वर्गाची थोरवी मला सांगू नये.

आता तिथे प्रत्यक्षात काय होतं ते बघ. वर्षाचे दोन भाग, प्रत्येक सहा महिन्यांचा, आणि फी त्या सहा महिन्यांची. विषयाची नाही. बिझनेसच्या पदव्यांना साधारण ४ हजार डॉलरच्या घरात. आजचा आकडा त्यांच्याकडून घे. तेवढ्या पैशात चार विषय कर नाहीतर चौदा. पदवीच्या विद्यार्थ्याला एका सहामाहीत कमीत कमी १२ युनिट (म्हणजे साधारण क्रेडिटच) घ्यावी लागतात. ती संपली की पुढचा विषय मागायचा, जादा पैसे पडत नाहीत. इथूनच त्या सहा महिन्यांच्या दंतकथा निघतात.

हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करशील, तरी करून दाखवते. पदवी १२० युनिटची धर. तुझ्या बीकॉममुळे समजा ४० सुटली. उरली ८०. किमान वेगाने, म्हणजे सहामाहीला १२, तर सात सहामाह्या, साडेतीन वर्षं, साधारण २८ हजार डॉलर. सहामाहीला २० केलीस तर दोन वर्षं आणि १६ हजार. आणि सगळं सहा महिन्यांत करायचं तर २६ आठवड्यांत ८० युनिट, म्हणजे आठवड्याला तीन, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा विषय. वाचायचा, सराव करायचा, परीक्षा द्यायची किंवा निबंध लिहायचा, आणि सोमवारी दुसरा उघडायचा. दहा आणि सात वर्षांची मुलं, सासूबाईंची पथ्यं आणि संध्याकाळच्या पोळ्या सांभाळून. गणपतीत भेटलेल्या त्या गृहस्थांच्या पोळ्या कोण करत होतं हे विचारलंस का?

मी त्यांना खोटं म्हणत नाही. असे लोक असतात. बहुतेक वेळा ते वीस वर्षं त्याच क्षेत्रात मुरलेले असतात, किंवा त्यांनी निम्मे विषय आधीच दुसरीकडून स्वस्तात करून आणलेले असतात. पण तो भाग गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत कुणी सांगत नाही.

तुझ्या दुसऱ्या भीतीचं उत्तरही यातच आहे. लवकर झालं तर फसवणूक होईल का? तू फायनान्शियल अकाउंटिंगचा विषय उघडशील. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे तू नऊ वर्षं रोज केलंस. मार्चअखेरीला रात्री अकरापर्यंत बसून तेरजेतला फरक शोधलेल्या बाईने तो विषय दहा दिवसांत संपवला तर त्यात लबाडी कसली? दहा दिवस आणि नऊ वर्षं लागली त्याला. फक्त सवयी थोड्या मोडाव्या लागतील. आपण ‘घेणारा नावे, देणारा जमा’ अशा सूत्रांवर वाढलो. इथलं पुस्तक सूत्रांच्या वाटेला जात नाही, मालमत्ता बरोबर देणी अधिक मालकाचं भांडवल या एका समीकरणावर सगळं उभं करतं. आणि स्वल्पविराम! लाखाचा स्वल्पविराम बोटांतून जात नाही. १,५०,००० लिहून मी एका तक्त्यात स्वतःची शोभा करून घेतली आहे.

पण टॅक्सचा विषय येईल तेव्हा हात आखडशील. टीडीएस, फॉर्म सोळा, आगाऊ कर हे सगळं तुझ्या बोटांवर असेल, तरी नवरा-बायकोने मिळून एकच विवरणपत्र भरायचं ही गोष्टच आपल्याकडच्या आयकरात नाही. तिथे तू खरंच विद्यार्थिनी आहेस. तिथे दोन महिने लागू देत. कायद्याचा विषयही तसाच. या पद्धतीची गंमतच ही आहे की जे येतं ते भराभर मागे टाकून वाचलेला वेळ जे येत नाही त्याला देता येतो. लोक तो वेळ वाचवतात आणि मग पुढचा विषयही तसाच रेटतात, तिथे फसतात. सिएटलच्या एका मुलाचं उदाहरण मला माहीत आहे. सराव परीक्षा पुन्हा पुन्हा देऊन उत्तरांची ढब पाठ केली, विषय पटापट उडवले, पदवी आली. मुलाखतीत डेटाबेसचा साधा प्रश्न आला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पदवी खरी होती त्याची. विषय मात्र आला नव्हता.

परीक्षा दोन तऱ्हांच्या. एक बहुपर्यायी, कॅमेऱ्यासमोर घरून द्यायची. दुसरी लेखी कामाची: अहवाल, विश्लेषण, कधी सादरीकरण. दोन्हींचे अनुभव सांगते.

माझी कॅमेऱ्यासमोरची पहिली परीक्षा. सकाळी सहाची वेळ घेतली होती, घर झोपलेलं असतं म्हणून. पलीकडे कोण बसलंय दिसत नाही, नुसता आवाज. आवाज म्हणाला, खोली दाखवा. लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या. टेबलाखाली दाखवा. दाखवलं. केस मागे घ्या, दोन्ही कान दाखवा. दाखवले. मनगटं दाखवा. बांगड्यांवर एक प्रश्न झाला. मग म्हणाला, भिंतीवर तो कागद कसला? कालनिर्णय होतं. त्यावर जुन्या सवयीने केलेली माझी दुधाची, गॅसची सगळी टिपणं, मराठीत, बारीक अक्षरात. तो म्हणाला, काढा. आता ते खिळ्याला नव्हतं, चांगलं टेप लावून चिकटवलेलं होतं. ओढताना ऑक्टोबर फाटला. खोलीबाहेर नेऊन ठेवलं, परत येऊन बसले, आणि पहिले पाच प्रश्न मला दिसलेच नाहीत, नुसता ऑक्टोबर दिसत होता. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा आवाज पुन्हा बोलला, खोलीत दुसरं कोण आहे? कुकर हा माणूस नव्हे, हे इंग्रजीत समजावताना माझी चार मिनिटं गेली. त्या परीक्षेत मी नापास झाले.

नापास झाल्यावर ओरडायला कुणी नसतं, हे आधी बरं वाटतं आणि मग फार वाईट वाटतं. अहवाल येतो: या भागात कच्च्या, त्या भागात बऱ्या. मग विषयाच्या शिक्षकाशी फोनवर बोलायचं, त्याने दिलेला अभ्यास करायचा, की पुन्हा परीक्षा. म्हणून नवऱ्याला सांग की मास्तर आहेत. वेगवेगळ्या माणसांत वाटलेले आहेत इतकंच. एक मेंटर, जो सुरुवातीला आठवड्याला फोन करतो आणि तुझी गाडी रुळावर आहे का बघतो. एक विषयाचा शिक्षक, तू हाक मारलीस तर येणारा. आणि एक तपासनीस, ज्याचं नावही तुला कळत नाही. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, ही गोष्ट मला मनापासून आवडली. आपल्या कॉलेजात सरांची मर्जी हा एक अलिखित विषय असायचा, तो इथे नाही.

लेखी कामाला त्यांचा एक तक्ता असतो, रुब्रिक म्हणतात त्याला. प्रत्येक ओळीसमोर तीन घरं: पुरावा दिसत नाही, जवळ पोचलात, आणि सक्षम. सगळ्या ओळी शेवटच्या घरात आल्या की पास. एक ओळ जरी मधल्या घरात राहिली तरी काम परत. माझा पहिला अहवाल अकरा पानांचा होता, आणि तो मला फार सुंदर वाटला होता. परत आला. एका ओळीत ‘दोन पर्यायांची तुलना करा’ असं होतं. मी दोन्ही पर्यायांचं रसाळ वर्णन केलं होतं आणि तुलना वाचणाऱ्यावर सोडली होती, आपल्याकडे निबंधात सोडतात तशी. तीन वाक्यं घातली, पास झाला. तेव्हापासून मी तक्ता शेजारी छापून ठेवते आणि एकेका ओळीला उत्तर देते. साहित्य बाजूला, आधी ओळ. आणखी एक: आपण गाइडमधली वाक्यं जशीच्या तशी लिहून मार्क मिळवलेली पिढी. इथे ते चालत नाही. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरण आणि संदर्भ हवाच. मजकूर आधी यंत्रातून जातो आणि जुळणी सापडली की प्रकरण शिस्तभंगापर्यंत जाऊ शकतं. एआयकडून लिहून घेतलेल्या मजकुराचंही तेच. यात तुझी नियत चांगली असून चालत नाही, सवय बदलावी लागते.

मार्कांचं म्हणशील तर नवरा बरोबर आहे, मार्क नसतात. पास किंवा नापास, आणि पास म्हणजे बी किंवा त्याहून वर असं गुणपत्रिकेवर सांगितलेलं असतं. जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, धरायचाच तर ३.० धरतात. नोकरीला याने काही बिघडत नाही. पण उद्या नामवंत विद्यापीठात मास्टर्स करायचं मनात असेल आणि तिथे ३.५ मागत असतील, तर हा प्रश्न आजच त्यांना विचारून घे.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. या पद्धतीत लोक अभ्यासाने कमी हरतात. पैसे भरून घड्याळ आपल्या हातात दिलेलं असतं आणि ते सांभाळायचं भान राहत नाही, तिथे हरतात. माझी तिसरी सहामाही. सातारला आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी सात आठवडे तिकडे. परत आले ती नोकरीचं थकलेलं काम घेऊन. चार महिने मी एकही पुस्तक उघडलं नाही आणि फी सगळी गेली. कॉलेज असतं तर हजेरी बुडाली म्हणून कुणी बोललं असतं. इथे मेंटर फोन करत होती, मीच उचलत नव्हते, लाज वाटत होती म्हणून. तो मूर्खपणा तू करू नकोस. घरात आजारपण आलं तर पहिला फोन मेंटरला. रजा घेता येते, पण आधी विचारली तर. आणि सहामाहीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत जोशात येऊन जादा विषय उचलू नकोस. उचललेला विषय पुरा झाला नाही तर तो तुझ्या प्रगतीच्या टक्केवारीत उणा धरला जातो, आणि घेतलेल्या युनिटांपैकी साधारण दोन तृतीयांश पुरी व्हावी लागतात.

तेव्हा ‘सहा महिन्यांत जमेल का’ याऐवजी घरात एक वेगळी बैठक घे. सासूबाई आहेत तोवरच घे. सोमवार ते शुक्रवार रात्री साडेआठ ते साडेदहा मी दार लावून बसणार, मुलांना झोपवायचं काम बाबाचं. शनिवारी सकाळी चार तास मला वाचनालयात जायचंय. एवढं ठरलं तर आठवड्याला चौदा तास होतात, आणि चौदा तासांत, तुझ्या जुन्या अनुभवाच्या जोरावर, दोन ते अडीच वर्षं हा माझा अंदाज. घरात ‘सहा महिने’ हा आकडा सांगूच नकोस. तोंड कसं दाखवू हा प्रश्न तू आकडा सांगितल्यामुळे येतो. सासूबाईंना म्हण, शिकतेय. कधी संपणार विचारलं तर म्हण, संपत आलंय. आमच्या आईला मी हेच अडीच वर्षं सांगितलं.

पण थांब, आधी या पदवीने तुझं हवं ते दार उघडतं का ते बघ. तुला सीपीए, म्हणजे इथली सीए, व्हायचं असेल तर विद्यापीठाच्या विक्री करणाऱ्या माणसावर विसंबू नकोस. टेक्सासच्या सीपीए मंडळाला लेखी विचार: माझं बीकॉम, अधिक या विद्यापीठाची अकाउंटिंगची पदवी, एवढ्यावर परीक्षेला बसता येईल का, कोणते विषय कमी पडतील? प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत आणि ते सध्या बदलतही आहेत. शिक्षक, नर्स यांनाही मी हेच सांगते, आधी परवाना देणारं मंडळ, मग विद्यापीठ.

आणि तुला टॅक्सचंच काम करायचं असेल, सीपीए व्हायचं नसेल, तर मी तुला पदवीच्या आधी दुसरीकडे पाठवते. इथल्या आयआरएसची, म्हणजे आयकर खात्याची, स्वतःची परीक्षा आहे, एन्रोल्ड एजंटची. तीन भाग: व्यक्तींचे कर, व्यवसायांचे कर, आणि करदात्याच्या वतीने आयआरएससमोर उभं राहण्याचे नियम. पदवीची अटच नाही. तिन्ही भाग सुटे देता येतात, परीक्षेचा हंगाम मे ते फेब्रुवारी. पास होऊन आयआरएसकडे नोंदणी झाली की देशभर कुठल्याही राज्यातल्या करदात्याची बाजू मांडता येते. तुझ्यासारखीसाठी ही खरी कॉम्पिटन्सी-बेस्ड गोष्ट आहे, आणि विद्यापीठाच्या एका सहामाहीच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त. त्याआधी जानेवारी ते एप्रिल ‘व्हिटा’त स्वयंसेवक म्हणून बस. कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं फुकट भरून देण्याचा आयआरएसचा उपक्रम आहे हा. शिकवतात, परीक्षा घेतात आणि टेबलावर बसवतात. एका हंगामात तुला कळेल की हे काम अजून आवडतंय की फक्त आठवतंय. पहिला भाग घरी अभ्यास करून पास झालीस, तर रात्री साडेआठ ते साडेदहा तू खरंच बसू शकतेस हेही कळेल. मग पदवीला नाव घाल. बसता आलं नाही तर कॉलिन कॉलेजचा फ्रिस्को कॅम्पस तुझ्या घराजवळ आहे. तिथे वर्ग आहे, मास्तर आहे, मंगळवार-गुरुवार ठरलेला आहे. काही जणींना त्या मंगळवार-गुरुवारचीच गरज असते. माझ्या धाकट्या जावेला होती. तीन महिन्यांत ऑनलाइन सोडून ती कम्युनिटी कॉलेजात गेली आणि माझ्या आधी पदवी घेऊन मोकळी झाली.

व्हिसाचं थोडक्यात: एच-फोरवर शिकायला मनाई नाही. केंद्र सरकारची मदत मात्र मिळणार नाही, सगळी फी खिशातून. नोकरी लागल्यावर कंपनी फी परत देते का विचार; वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते, हे तुला टॅक्सवाली म्हणून आवडेल. आणि कधीकाळी पुण्याला परतून सरकारी किंवा प्राध्यापकी नोकरी करायचा विचार असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीला भारतात समकक्षता मिळणं कठीण असतं, ते गृहीत धर.

राहिली कागदपत्रं. तुझ्या बीकॉमची किती युनिट सुटतील यावर साताठ हजार डॉलर अवलंबून आहेत, म्हणून हे काम पहिलं. पुणे विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, मग इथल्या मूल्यमापन संस्थेकडून विषयवार अहवाल. मूल्यमापन करणारी संस्था कुठली चालेल ते विद्यापीठालाच विचार. आणि नावाचं बघ. तुझी गुणपत्रिका माहेरच्या नावाने असणार, पासपोर्ट सासरच्या. तुमच्याकडे लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर आणखी मजा. ते नवं नाव तांदळाच्या ताटात लिहून झालं, पण इथल्या कागद तपासणाऱ्या बाईला ते ताट दाखवता येत नाही. विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर ती, दोन्हींच्या प्रती काढून ठेव. माझ्या बाबतीत एकाच बाईची दोन नावं आहेत हे सिद्ध करायला पाच आठवडे गेले.

अभ्यासाची खोली ठरवलीस की तिथलं कालनिर्णय स्वयंपाकघरात हलव. आणि ट्रान्सक्रिप्टसाठी पुण्यातल्या भावाला फोन आत्ताच कर. तुमच्याकडे रात्रीचे दहा वाजले असतील तर तिकडे सकाळ झालेली आहे, ऑफिसं उघडायच्या आत तो निघू शकेल.